पुढारी आणि त्याचीं माणसें

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या वाडीप्रमुखांच्या व संस्थांच्या पदाधिकाऱ्यांच्या मेळाव्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामास ह्या वर्षीं ५० वर्षें पुरीं होत आहेत. त्याप्रीत्यर्थ गेले कित्येक आठवडे जी धामधूम चालली आहे ती आपण सर्वजण पाहतच आहां. चर्चला रंग लागला, घंटेचा दोर नवा आला, जुन्या नोंदवह्यांतून स्नानसंस्कारांचे, लग्नांचे व मरणांचे आंकडे काढून झाले. हे आंकडे ह्या स्मरणिकेंत अन्यत्र छापले जातील, व ते वाचून आपणांस योग्य तो आनंद होईल. परंतु आज येथें जे जमले आहेत ते वाडीवाडीचे प्रमुख, धर्मग्राम परिषदेचे सभासद, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे बंधु, महिला मंडळाच्या भगिनी, तरुणांचे नेते आणि धर्मशिक्षणाचे शिक्षक असे आहेत. अशा मंडळींपुढें आंकड्यांविषयीं बोलण्याचें आम्हांस प्रयोजन दिसत नाहीं. ज्या एका गोष्टीची नोंद कोणत्याही वहींत सांपडत नाहीं तिच्याविषयीं, म्हणजे पुढारी व त्याच्या हवालीं केलेलीं माणसें ह्यांमधील खऱ्या नात्याविषयीं, आम्ही आज बोलणार आहों.

पुढारी हा शब्द आपल्या भाषेंत अलीकडे थोडासा बदनाम झाला आहे. पुढारी म्हटला कीं व्यासपीठावरची खुर्ची, गळ्यांतला हार आणि चौकांत लागलेला फलक डोळ्यांपुढें येतो. मूळ अर्थ साधा आहे: जो पुढें चालतो तो. योहानाच्या शुभवर्तमानांत प्रभूनें मेंढपाळाचें जें वर्णन केलें आहे त्यांत मेंढपाळ पुढें चालतो हें तर आहेच. पण त्याच्या आधीं आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती ही कीं तो आपल्या मेंढरांस ज्याच्या त्याच्या नांवानें हांक मारतो. हा क्रम लक्षांत घ्यावा. नांव आधीं, चालणें मागून. नांवें ठाऊक नसतां जो पुढें चालूं लागतो त्याच्या मागें कोणी येत आहे कीं नाहीं हें त्याला वळून पाहिल्याशिवाय कळत नाहीं. आणि पुष्कळ पुढाऱ्यांना वळून पाहण्याची संवय नसते.

पूर्वीं आपल्या वसईच्या पट्ट्यांत ही अडचण फारशी नव्हती. वाडी म्हणजे एक कुटुंबच. कोणाच्या बावखलाचें पाणी आटलें, कोणाची केळ वाऱ्यानें पडली, कोणाची लेक बाळंतपणाला आली, हें सांगावें लागत नसे. तें विहिरीवर आपोआप कळे. आतां बागांच्या जागीं इमारती उभ्या आहेत. त्यांत गोव्याहून, मंगळूरहून, केरळांतून, तामिळनाडूंतून, झारखंडांतून आलेलीं ख्रिस्ती कुटुंबें भाड्यानें राहतात. रविवारीं तीं आपल्याच बांकावर आपल्याच शेजारीं बसतात, शांतिचिन्ह देतांना आपण त्यांना हात जोडतों, आणि मिस्सा संपतांच तीं कोणत्या जिन्यानें चढून कोणत्या दारामागें गेलीं हें आपणांस ठाऊक नसतें. दुसऱ्या बाजूनें पाहिलें तर आज प्रत्येकाच्या खिशांत फोन आहे आणि प्रत्येक वाडीचा व्हॉट्सॲपचा गट आहे. कोणी वारलें तर दोन मिनिटांत वार्ता पोहोंचते व तितक्याच त्वरेनें जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागते. आम्ही यंत्राची निंदा करीत नाहीं. मध्यरात्रीं रक्त हवें असतां ह्याच फोननें माणसें धांवून आलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. पण जोडलेल्या हातांचीं ऐंशी चित्रें आलीं आणि प्रेताजवळ रात्र काढावयास आठ माणसें मिळालीं नाहींत, असाही प्रसंग ह्याच काळांत घडतो.

दुसऱ्या एका धर्मग्रामांतील गोष्ट आहे. नांव सांगण्याचें कारण नाहीं. तेथील एक वृद्ध गृहस्थ, एके काळीं गायनमंडळांत व्हायोलिन वाजवणारे, तीन वर्षें चर्चमध्यें दिसले नाहींत. बांधावरून भावाशीं तंटा झाला होता, भाऊ वाडीचा प्रमुख होता, आणि वेदीजवळच्या पहिल्या बांकावर तोच बसे. एवढेंच कारण. शेवटीं एकदां कोणी त्यांच्या दारांत गेलें तेव्हां त्यांनीं रागावून कांहीं म्हटलें नाहीं. ते म्हणाले, "तीन वर्षांत माझ्याकडे चार वेळां माणसें आलीं. चारही वेळां त्यांच्या हातांत पावतीपुस्तक होतें." बंधूंनो, ह्या वाक्याचा विचार करावा. जे गेले ते वाईट नव्हते. सण पार पाडायचा होता, छपराचें काम निघालें होतें, वर्गणी तर गोळा करावयासच हवी. पण त्या घरानें एक गोष्ट बरोबर ओळखली: येणाऱ्याला काम हवें आहे, आम्ही नको आहों. माणसाला हें फार लवकर ओळखतां येतें. लहान मुलालाही येतें.

तर मग खरें नातें कोठून सुरू होतें? आमचें उत्तर पुष्कळांना उलटें वाटेल. देण्यापासून नव्हे, घेण्यापासून. शोमरोनी स्त्री विहिरीवर भेटली तेव्हां प्रभूनें तिला आरंभीं उपदेश केला नाहीं. त्यानें तिच्याकडे पाणी मागितलें. तहान खरी होती, दुपार होती, त्याच्याजवळ पोहरा नव्हता. जक्कय झाडावर चढून बसला होता, त्याला प्रभूनें खालीं बोलावून त्याच्या पापांचा पाढा वाचला नाहीं. आज तुझ्या घरीं उतरणार आहें असें सांगितलें, म्हणजे त्याच्या घरचें अन्न मागितलें. आणि जक्कयानें लुबाडलेलें चौपट परत करण्याची गोष्ट काढली ती त्यानंतर. जो सदा देणाराच असतो, ज्याला कधीं कोणाकडून कांहीं नकोच असतें, तो उपकारकर्ता होऊं शकेल, नातलग होऊं शकत नाहीं. आपल्या पुढाऱ्यांपैकीं कांहींजण गरिबाच्या घरीं धान्याची पिशवी घेऊन जातात व पुढें आलेला चहाचा पेला नको नको म्हणून परत करतात. हेतु चांगला असतो. त्या घराला खर्च पडूं नये. परंतु त्या माउलीनें शेजारून साखर आणून तो चहा केलेला असतो. तो परत करणें म्हणजे, तूं घेणारी आणि मी देणारा, अशी रेघ तिच्या ओसरीवर मारणें होय. चहा घ्यावा. साखर जास्त असली तरी घ्यावा.

संत पौलाविषयीं सामान्यतः असा समज आहे कीं तो मोठा तर्कवादी, कठोर, धर्मसिद्धान्त सांगणारा पुरुष होता. होताही. रोमकरांस पत्र हें त्याच्या सर्व पत्रांत गहन. सेमिनरींत असतांना त्यावर आम्हीं कित्येक महिने घालविले आहेत. पण त्या पत्राचा सोळावा अध्याय फारसा कोणी वाचीत नाहीं, कारण त्यांत बहुतेक नुसतीं नांवें आहेत. इ. स. ५७ च्या सुमारास हें पत्र लिहिलें गेलें तेव्हां पौल अद्याप रोमला गेलाही नव्हता. तरी तेथील सुमारें २५ माणसांना तो एकामागून एक सलाम पाठवितो, व नुसतें नांव घेऊन थांबत नाहीं. प्रिस्का व अक्विला ह्यांनीं आपल्यासाठीं जीव धोक्यांत घातला होता हें तो सांगतो. ह्याच जोडप्याच्या घरीं करिंथ येथें तो राहिला होता व त्यांच्याबरोबर तंबू शिवण्याचा धंदा करीत होता. एपैनत हा आशिया प्रांतांतला पहिला ख्रिस्ती हें त्याला आठवतें. पर्सिस नांवाच्या बाईनें प्रभूसाठीं फार कष्ट केले ह्याची तो नोंद घेतो. रूफसला सलाम सांगतांना तो त्याच्या आईचीही आठवण काढतो आणि ती आपलीही आई झाली असें म्हणतो. केव्हां झाली, कशी झाली, कांहीं लिहिलेलें नाहीं. कदाचित् तिनें त्याला जेवूं घातलें असेल, कदाचित् तापांत त्याच्या उशाशीं बसली असेल. ज्या मनुष्यानें अर्ध्या जगाला धर्म शिकविला त्याला कोणाएका बाईचा मुलगा होण्यांत कमीपणा वाटला नाहीं. त्या यादींत स्त्रियांचीं नांवें किती आहेत हेंही आपल्या परिषदेंतील पुरुषमंडळींनीं घरीं जाऊन मोजावें. आणि एक गंमत पहावी: पत्र लिहून घेणारा तर्तियस नांवाचा लेखनिक मध्येंच आपलाही सलाम घालतो. ज्या कचेरींत कारकुनाला साहेबाच्या पत्रांत आपली एक ओळ लिहितां येते त्या कचेरींतलें वातावरण कसें असेल ह्याची कल्पना करावी.

आपण प्रत्येकानें मनांत आपल्या वाडीचा असा सोळावा अध्याय लिहून पहावा. किती नांवें येतात, आणि प्रत्येक नांवापुढें त्या माणसाचें एकेक काम लिहितां येतें काय?

ह्याच पौलाचें भांडणही खरें होतें. बर्णबा हा त्याचा उपकारकर्ता. प्रेषितांपुढें त्याला प्रथम नेलें तें त्यानेंच. पण तरुण मार्क पहिल्या प्रवासांत पंफिलियाहून अर्ध्यावर परत गेला, म्हणून दुसऱ्या प्रवासांत त्याला घेऊं नये असें पौलाचें म्हणणें, आणि घ्यावें असें बर्णबाचें. वाद इतका वाढला कीं दोघे वेगळ्या वाटांनीं गेले. प्रेषितांच्या कृत्यांत हें झांकून ठेवलेलें नाहीं. पुढें मात्र तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत, मरण जवळ आलें असतां, मार्काला बरोबर घेऊन ये, तो उपयोगाचा आहे, असा निरोप आहे. आपल्या सभांमध्यें आम्ही असें पाहतों कीं मतभेद झाला तर एक पक्ष राजीनामा देतो व दुसरा पक्ष तो ताबडतोब मंजूर करून मोकळा होतो. मार्काला परत बोलावणें ही पद्धत आमच्या नियमावलींत नाहीं, ती घालावी.

आणि फिलेमोनाला लिहिलेलें तें छोटेंसें पत्र. पळून गेलेल्या ओनेसिमाला पौल धन्याकडे परत पाठवितो, पण दास म्हणून नव्हे, भाऊ म्हणून त्याला घ्यावें असें विनवितो. आज्ञा करण्याचा अधिकार आपणांस आहे हें तो सुचवितो, व तो अधिकार बाजूस ठेवून प्रेमानें मागतो. शिवाय त्यानें कांहीं नुकसान केलें असेल तर तें आपण भरूं असें स्वतःच्या हातानें लिहून देतो. अधिकार असतांना तो न वापरणें आणि दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणें, ह्या दोन गोष्टी ज्याला जमतात त्याला पुढारीपणा शिकविण्याची जरूर नाहीं. आपल्याकडे पहिली कठीण जाते. दुसरी तर पतपेढीच्या फॉर्मावर सही करतांना सर्वांनाच कठीण जाते.

आतां आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांच्या अगदीं जवळच्या एका पुरुषाकडे वळूं. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांतील विल्टशायरचे. येशूसंघांत जाऊन ते १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास आले आणि १६१९ सालीं त्यांनीं देह ठेवला. मधलीं ४० वर्षें बहुतेक सारीं त्यांनीं सासष्टींत काढलीं. मायदेशीं ते पुन्हां गेले नाहींत. त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें हें आपणांस शाळेंत शिकविलेलें असतें, त्यांत सुमारें ११ हजार ओव्या आहेत हेंही कांहींजणांना ठाऊक असेल. परंतु हें पुराण कशामुळें झालें ह्याकडे लक्ष जात नाहीं. तें मागणीवरून झालें. पुराणाच्या आरंभींच ती हकीकत आहे. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांस त्यांचीं पूर्वींचीं पुराणें वर्ज्य झालीं होतीं; धर्मशिक्षण चाले, प्रश्नोत्तरें पाठ होत, पण संध्याकाळीं दिव्यापाशीं बसून ऐकण्यासारखें, गाण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. तेव्हां त्यांनीं पाद्रीला विनविलें कीं आमच्या भाषेंत आमच्यासाठीं असें कांहीं करून द्यावें. ही विनंती दुसऱ्या एकाद्यानें उद्धटपणा मानली असती. स्टीफन्सांनीं ती दुःखाची भाषा म्हणून ऐकली. आपल्या लोकांच्या आयुष्यांत एक जागा रिकामी पडली आहे, आणि ती रिकामी करण्यांत आपल्याच पक्षाचा हात आहे, हें त्यांना समजलें असावें असें आम्हांस वाटतें. मग ते ओवी शिकले, लोकांचे दृष्टान्त शिकले, स्वर्गाला वैकुंठ म्हणावयास शिकले. कोंकणीचें व्याकरणही त्यांनींच लिहिलें. तें त्यांच्या मागें १६४० मध्यें छापून निघालें.

पण ह्या गोष्टीची दुसरी बाजू सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. त्या काळीं सासष्टींत क्रूसाबरोबर पोर्तुगीज राजसत्ताही आली होती, आणि सत्तेनें लोकांचीं देवळें पाडलीं होतीं. १५८३ च्या जुलैमध्यें कुंकळ्ळी येथें पांच येशूसंघीयांना गांवकऱ्यांनीं ठार मारलें. त्यांत अकबर बादशहाच्या दरबारीं राहून आलेले फादर रुडॉल्फ अक्वाविवा हे होते. ख्रिस्तसभेनें त्या पांचांना १८९३ मध्यें धन्य म्हणून घोषित केलें. हें आपण सांगतों. पुढें कुंकळ्ळीच्या गांवकरांना बोलणीं करण्याच्या निमित्तानें आसोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून घेऊन तेथें त्यांना मारण्यांत आलें. हें आपण सहसा सांगत नाहीं. दोन्ही एका श्वासांत सांगावीं. जेथें एकाच्या मागें तोफ उभी असते तेथें दुसऱ्यानें दिलेला होकार हा होकार असतो काय, हा प्रश्न त्या मातीवर अजून उभा आहे. मारल्या गेलेल्या आपल्या बंधूंचीं शवें मिळवून आणण्याचें काम त्या वेळीं स्टीफन्सांकडे आलें. तेव्हां ते पस्तिशीच्या आंतले होते. त्यांनीं तीं शवें पाहिलीं, आणि त्यानंतरचीं ३६ वर्षें त्याच लोकांमध्यें राहून त्यांचीच भाषा इतकी गोड केली कीं छापील प्रती नष्ट झाल्यावरही लोकांनीं हातानें नकला करून तें पुराण वाचलें, व १९०७ सालीं मंगळूरला तें पुन्हां छापलें गेलें तें अशा हस्तलिखितांवरूनच. सत्तेनें जें मिळविलें होतें त्यांतलें किती उरलें, आणि ओवीनें जें मिळविलें त्यांतलें किती उरलें, हें आपण जाणतांच.

आमच्या हातांत आज राजसत्ता नाहीं ही परमेश्वराची कृपाच आहे. पण लहान लहान सत्ता पुष्कळ आहेत. शाळेंतला प्रवेश, दाखल्यावरची सही, दफनभूमींतील जागा, लग्नाची तारीख. ह्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला आहेत त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं त्यांच्याशीं गोड बोलणारा प्रत्येकजण त्यांचा मित्र असेलच असें नाहीं. आणि येथें एक कडक गोष्टही सांगणें आमचें कर्तव्य आहे. जवळीक ही पवित्र वस्तु आहे म्हणूनच तिला कुंपण लागतें. ख्रिस्तसभेंत जगभर लहान मुलांवर व असहाय माणसांवर जे अत्याचार उघडकीस आले ते परक्यांनीं केलेले नव्हते. विश्वासानें घरांत घेतलेल्यांनीं केलेले होते. २०१९ सालीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं अशा अपराधांची तक्रार व चौकशी ह्यांविषयीं साऱ्या ख्रिस्तसभेला नियम घालून दिले. तेव्हां मुलांचे वर्ग बंद दाराआड नकोत, ऐकलेलें गुपित चव्हाट्यावर नको, परंतु अपराध गुपिताच्या पदराखालीं झांकणेंही नको, आणि धर्मगुरूविषयीं शंका असेल तर ती धर्मगुरूच्या भिडेखातर गिळूं नये. हें आम्ही स्वतः धर्मगुरू असून सांगतों.

घरभेटीची चाल कांहीं नवी नाहीं. १८१८ सालीं संत जॉन व्हियानी आर्स ह्या खेड्यांत गेले तेव्हां तेथें २३० च्या आसपास वस्ती होती; माणसें शेतावरून घरीं जेवावयास येत तीच वेळ साधून ते घरोघर जात. १८३३ मध्यें पॅरिसांत फ्रेडरिक ओझानाम ह्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला, तुमची ख्रिस्तसभा आज गरिबांसाठीं काय करते, असें भर सभेंत विचारण्यांत आलें. त्यावर निबंध न लिहितां तो व त्याचे सोबती सिस्टर रोझाली रांदू ह्यांच्याकडे गेले, व त्यांनीं दाखविलेल्या घरांत जाऊं लागले. तीच आपली व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी. तिचें मुख्य काम आरंभापासून गरिबांच्या घरीं जाऊन भेटणें हेंच आहे. मदत त्या भेटींतून निघते. आपल्या शाखेनें गेल्या वर्षीं किती शिधा वाटला ह्याचा अहवाल सुंदर झाला आहे. पुढच्या वर्षीं किती वेळ बसलों ह्याचाही एक रकाना असावा.

एक शंका घेतली जाईल कीं पुढाऱ्यानें सर्वांशींच नातें कसें ठेवावें? दिवसाला तास चोवीसच आहेत. शंका रास्त आहे. स्वतः प्रभूनें बारांना निवडलें, बारांतून तिघांना डोंगरावर नेलें, आणि बेथानीच्या एका घरीं तो वरचेवर उतरे. सर्वांशीं सारखी मैत्री हा दंभ आहे. सर्वांशीं सारखा न्याय हें कर्तव्य आहे. ह्या दोहोंची गल्लत झाली म्हणजे परिषदेंत कंपू होतात. पुढाऱ्याला मित्र असावेत, परंतु त्याच्या मित्रांना आधीं व इतरांना मागून असें होऊं नये. उलट झालें तर मित्रांनीं रागावूं नये, एवढी मैत्री त्यांनीं दाखवावी.

आणखी एक. आपलें नातें चर्चच्या फाटकापाशीं संपत नाहीं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२४ च्या २५ जुलैला आपणांतून गेले. 'सुवार्ता' मासिकाचे ते अनेक वर्षें संपादक होते, आणि २०२० सालीं उस्मानाबाद येथें भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पण वसईच्या बागांवर व पाण्यावर संकट आलें तेव्हां 'हरित वसई'च्या चळवळींत त्यांच्यामागें जे लोक चालले त्यांत हिंदु होते, मुसलमान होते, ख्रिस्ती होते; पाद्रीच्या मागें आपण कां चाललों असा विचार कोणाच्या मनांत आला नाहीं, कारण तो मनुष्य त्यांना ठाऊक होता. सामवेदी, वाडवळ, कोळी, आदिवासी, आणि आतां इमारतींतले नवे शेजारी, ह्या सर्वांच्या मयताला व लग्नाला ज्या पुढाऱ्याचे पाय लागतात त्याला संकटाच्या दिवशीं सलोख्याची सभा बोलवावी लागत नाहीं.

आतां कामाचें बोलून संपवितों. सणाचा मांडव उतरल्यावर येणाऱ्या सोमवारापासून भेटींस आरंभ होईल. प्रत्येक वाडीप्रमुखाला एक वही दिली जाईल. तींत वर्गणीचा रकाना नाहीं. वर्षभरांत ज्या घरीं धर्मग्रामांतून कोणीही गेलेलें नाहीं तीं घरें आधीं घ्यावीं, भाड्याचीं घरें त्यांच्याबरोबरच. दोघांनीं मिळून जावें, शक्यतों एक पुरुष व एक स्त्री, संध्याकाळच्या रोझरीनंतर, आणि जेवणाच्या वेळेआधीं निघावें, म्हणजे घरच्यांना अवघड होणार नाहीं. पावतीपुस्तक बरोबर नेऊं नये. जेथें तंटा आहे असें कळेल तेथें निवाडा करूं नये. फक्त ऐकून यावें व आम्हांस कळवावें, घरच्यांची परवानगी असेल तरच. खाडीपलीकडचीं जीं सात घरें आहेत, जेथें पावसाळ्यांत होडीशिवाय जातां येत नाहीं, तेथें पहिल्या आठवड्यांत आम्ही स्वतः जाणार आहों; ज्यांना बरोबर यावयाचें असेल त्यांनीं रविवारीं दुसऱ्या मिस्सानंतर आपलीं नांवें द्यावीं. होडींत सहाजणांपुरतीच जागा आहे.